टेनेसीचा २०२२ चा हंगाम: ५७ विजय मोठे की शेवटचे दोन पराभव?

धूमकेतू:
२०२२ साली अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलमध्ये टेनेसी विद्यापीठाने ५७ सामने जिंकले, फक्त ९ हरले. देशात पहिलं मानांकन. शेवटचे आठ संघ ओमाहाला खेळतात. त्याच्या एक पायरी आधी, घरच्याच मैदानावर, नोट्र डेम विद्यापीठाने त्यांना तीन सामन्यांच्या मालिकेत २-१ असं गारद केलं. विजेतेपद गेलं ओल मिसकडे (मिसिसिपी विद्यापीठ), ज्यांना राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ संघांत निवड समितीच्या पसंतीची अगदी शेवटची जागा मिळाली होती! याच ओल मिसला मार्चमध्ये टेनेसीने त्यांच्या घरी जाऊन तिन्ही सामन्यांत लोळवलं होतं. चार महिन्यांची कमाई तीन दिवसांत पाण्यात जात असेल, तर ही कसली पद्धत? माझ्या लेखी त्या वर्षीचा विजेता टेनेसीच.

खडूस:
तुमच्या लेखी असेल, करंडक ओल मिसकडे आहे. २०२३ ला आपण सलग दहा जिंकून अहमदाबादला हरलो, तेव्हा वर्ल्डकप ऑस्ट्रेलियाच घेऊन गेली ना?
आणि नशिबाला बोल लावू नका. नोट्र डेमविरुद्धच्या पहिल्या सामन्यात टेनेसीचा खेळाडू ड्रू गिल्बर्ट पंचांवर तोंड टाकून बाहेर, पिचिंगचा (चेंडूफेकीचा) कोचही बाहेर. एप्रिलमध्ये मुख्य कोच टोनी व्हिटेलो यांनी पंचांना छातीने धक्का दिला म्हणून चार सामन्यांची बंदी. माज होता, तो नडला.

धूमकेतू:
गिल्बर्ट बंदीमुळे बसला तो दुसरा सामना टेनेसीने १२-४ असा जिंकला. आता बोला.

खडूस:
बोलतो की. तिसऱ्यात तो होता, आणि ७-३ ने हरले.

डॅलसकर:
तिसरा सामना मी टीव्हीवर पाहिला होता. नऊपैकी सातव्या इनिंगपर्यंत टेनेसी ३-१ पुढे, त्यांच्या नॉक्सव्हिलमध्ये नुसता जल्लोष. नोट्र डेमच्या लामान्नाने दोन धावांचा होम रन मारला, बरोबरी. पाठोपाठ ब्रॅनिगनचाही चेंडू कुंपणापार. दोन फटक्यांत स्टेडियमचा आवाजच गेला.
पण धूमकेतू, तुमचा 'तीन दिवसांत' हा मुद्दा मला पटत नाही. कॉलेजात हंगाम मुख्यतः शुक्रवार-शनिवार-रविवार अशा तीन-तीन सामन्यांच्या मालिकांचाच असतो. एका भन्नाट पिचरवर भागत नाही, तीन चांगले लागतात, वर त्यांच्या जागी मागून येणारे दमदार रिलीव्हर, म्हणजे बदली पिचर. टेनेसीकडे ते सगळं होतं. त्यांच्या बेन जॉइसने त्या मे महिन्यात ऑबर्नविरुद्ध १०५.५ मैल वेगाचा चेंडू टाकला, म्हणजे ताशी जवळपास १७० किलोमीटर! ज्या प्रकारात ते वर्षभर राज्य करत होते, त्याच प्रकारात हरले. याला लॉटरी कसं म्हणायचं?

सोनचाफा:
मला दोघांचंही कळत नाहीये. 'सगळं पाण्यात गेलं' हे गृहीत का धरताय? टेनेसी ज्या लीगमध्ये खेळतं ती एसईसी ही या खेळातली सगळ्यात कडवी लीग. तिथे टेनेसीने २५-५ अशी कामगिरी करून लीग जिंकली, वर लीगची स्पर्धाही जिंकली. टीव्हीवाले ओमाहा सोडून काही दाखवत नाहीत म्हणून त्या चषकांना किंमत नाही?

खडूस:
त्या चषकांवर समाधान मानणारा एक तरी टेनेसीवाला दाखवा.

धूमकेतू:
सोनचाफा, हे मात्र मान्य, मी लीगचं विसरूनच बोलत होतो. पण मूळ मुद्दा सोडत नाही. १९९९ ला मायामी जिंकली, त्यानंतर थेट २०२४ पर्यंत पहिल्या मानांकनाचा एकही संघ विजेता झाला नाही. इतकी वर्षं सगळेच माजोरडे होते का? स्पर्धाच अशी आहे की वर्षभराचा वरचढपणा त्यात टिकत नाही.

खडूस:
आणि २०२४ ला तो दुष्काळ संपवला कोणी? टेनेसीनेच! तेच व्हिटेलो, तीच स्पर्धा. ६० विजय, १३ पराभव. अंतिम मालिकेतला पहिला सामना टेक्सास ए अँड एमकडून हरले, मग दोन्ही जिंकले, शेवटचा ६-५. त्यात टेनेसीचा हंटर एन्स्ली होम प्लेटवर, म्हणजे जिथे धाव पूर्ण होते तिथे, कॅचरचा टॅग (चेंडूचा स्पर्श, लागला तर बाद) चुकवून अंग वळवत घुसला, ते पाहा एकदा. एका धावेने सामना जिंकलाय, म्हणजे ती धाव मोजा.

डॅलसकर:
ती स्लाइड लाजवाबच. तरी २०२२ चा संघ २०२४ च्या संघाशी खेळला असता तर मी पैसे २०२२ वर लावले असते. पिचिंग पाहून सांगतोय.

खडूस:
सातव्या इनिंगपर्यंत लावा.