बी वर्ग भागिले आठ पाय: सीजीएस रद्दीत घालायचं का?

उद्यमनगरकर
काल एका क्लासच्या सरांची पोस्ट वाचली आणि डोकंच उठलं. म्हणे, "चुंबकीय क्षेत्राच्या ऊर्जेचं सूत्र एका पुस्तकात बी वर्ग भागिले दोन म्यू-नॉट, दुसऱ्यात बी वर्ग भागिले आठ पाय. पहिलं बरोबर, दुसरं चूक. सीजीएसची पुस्तकं रद्दीत घाला."

सर, पहिलं सूत्र एसआयचं, म्हणजे मीटर-किलो-सेकंदच्या पद्धतीचं, दुसरं सीजीएसच्या गॉसियन पद्धतीचं, म्हणजे सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंदचं. बी म्हणजे चुंबकीय क्षेत्र, म्यू-नॉट हा एसआयमधला एक स्थिरांक. आकडे घालून तरी बघायचे होते. १ टेस्लाचं क्षेत्र घ्या. एसआयमध्ये घनमीटरला ३.९८ लाख ज्यूल. तेच क्षेत्र सीजीएसमध्ये १०,००० गॉस, म्हणजे घनसेंटीमीटरला ३९.८ लाख अर्ग. एका ज्यूलचे १ कोटी अर्ग, एका घनमीटरचे १० लाख घनसेंटीमीटर. करा हिशोब, ऊर्जा तीच येते. ४ पायचा गुणक एसआयनं कूलोमच्या नियमात बसवला, गॉसियननं मॅक्सवेलच्या समीकरणांत. यात चूक कुणाची?

बीएस्सी_शेवटचं_वर्ष
तुम्हाला सोपं आहे हो बोलायला. मी टेस्लातला आकडा आठ पायच्या सूत्रात घातला आणि सहा मार्कांचं गणित गेलं. वर्गात एक सर एसआयवाले, दुसरे गॉसियनवाले, आणि पेपरात कुठली पद्धत ते लिहिलेलंच नाही. १९६० साली एसआय ठरलं. अजून किती वर्षं आम्ही दोन्ही पाठ करायचं?

उद्यमनगरकर
एकक न लिहिता आकडा घातलास, त्यात सीजीएसचा काय दोष?

बीएस्सी_शेवटचं_वर्ष
नुसते दहाचे घात असते तर बोललो नसतो. पदार्थात शिरलं की गॉसियनमध्ये बी बरोबर एच अधिक ४ पाय एम (एच म्हणजे चुंबकीय तीव्रता, एम म्हणजे पदार्थाचं स्वतःचं चुंबकन), आणि एसआयमध्ये म्यू-नॉट कंसात एच अधिक एम. इथं सूत्राचा साचाच बदलतो. एचचं गॉसियन एकक एर्स्टेड, त्याचं अँपिअर प्रति मीटर करताना ७९.५८ नं गुणायचं. हे तुमच्या पोस्टमध्ये का नाही?

शिरोली_क्वालिटी
पोराचं बरोबर आहे. आमच्याकडं क्रँकशाफ्टची एमपीआय (चुंबक लावून भेगा शोधायची तपासणी) झाली की डीमॅग करून, म्हणजे चुंबकत्व काढून, उरलेलं चुंबकत्व मोजतात. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर मर्यादा ०.३ मिलिटेस्ला, आमच्या मीटरवर गॉस. नवीन पोरानं प्रोब टेकवला, काटा २.५ वर. ०.३ पेक्षा जास्त म्हणून त्यानं सगळा लॉट बाजूला काढला आणि रात्रभर एकेक नग परत डीमॅगच्या कॉइलमधून सारला. सकाळी मी बघतोय तर पोरगं घामानं निथळलेलं. ०.३ मिलिटेस्ला म्हणजे ३ गॉस! माल पहिल्यापासूनच पास होता. आता सांगा, दोन पद्धती पाहिजेत कशाला?

चिखलीकर
एकच पद्धत म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात आमच्याकडं यावं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. घरातली म्हातारीसुद्धा आकडा ऐकून जनावरं सोडते. उद्या १३.१ मीटर सांगितलं तर कोण उठेल? २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं, आम्ही फुटावर जगलो.

शिरोली_क्वालिटी
आणि विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेंकदाला घनफुटांत, साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, हे सेकंदाला किती घनमीटर ते सांगा बघू.

चिखलीकर
सुमारे ४०. पण मला ते लागत नाही. दरवाजे किती उघडले आणि बंधाऱ्यावर फूट किती, एवढ्यावर आमचा संसार हलतो. कागदावरच्या एककासाठी माणसं पाण्यात ठेवू नका!

शिरोली_क्वालिटी
माणसं पाण्यात ठेवा असं कोण म्हणालं? दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा म्हणतोय मी.

निवृत्त_प्राध्यापिका
पूर बाजूला ठेवा जरा. मी तीस वर्षं दोन्ही शिकवलं. गॉसियनमध्ये विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राचं एकक एकच असतं. प्रकाशलहरीत दोघांची ऊर्जा समान असते, ते तिथं नुसतं बघून कळतं. एसआयमध्ये मधे प्रकाशाचा वेग येतो आणि पोरांना दोन वेगळ्याच गोष्टी वाटतात. सूर्यावरच्या डागांचं क्षेत्र आजही हजारो गॉसमध्येच लिहितात. आणि म्यू-नॉट म्हणजे निर्वाताचा काही गूढ गुणधर्म, असं सांगू नका. २० मे २०१९ पर्यंत ते अँपिअरच्या व्याख्येनं ठरवून दिलेलं होतं, त्यानंतर मोजायची राशी झालं. निसर्ग त्या दिवशी बदलला नाही.

बीएस्सी_शेवटचं_वर्ष
मॅडम, हे वर्गात कुणी सांगितलं असतं तर मी इथं भांडलो नसतो.

उद्यमनगरकर
एमचं तुझं म्हणणं मान्य. माझी पोस्ट पोकळीपुरतीच होती, ते लिहायला हवं होतं. पण रद्दीत घाला हे मी मरेपर्यंत मानणार नाही. आमच्या मॅग्नेटवाल्याच्या डब्यावर आजही गॉसच छापलेलं असतं.

शिरोली_क्वालिटी
मग शेजारी मिलिटेस्ला पण छापायला सांगा त्याला. मी मीटरवर कालच चिठ्ठी डकवली: १ मिलिटेस्ला = १० गॉस.