हॉस्पिसची बाग: ऑगस्टमध्ये पाणी कोण घालणार?

३१ मार्च २०२५
प्रेषक: बाग गट समन्वयक

नमस्कार मंडळी,

काल पाडव्याच्या कार्यक्रमात बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहिते. आपल्या वेस्ट यॉर्कशरमधल्या हॉस्पिसच्या बागेचा आपला भाग यंदाही मंडळाकडे आहे. दोन उंच वाफे, अंगणातल्या कुंड्या आणि रुग्णांच्या खोल्यांसमोरची लांब पट्टी. बाकीची बाग तिथले जुने स्वयंसेवक बघतात.

नवीन आलेल्यांसाठी थोडं सांगते. हॉस्पिस म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या माणसांची शेवटच्या काळात काळजी घेणारं ठिकाण. इंग्लंडमधल्या मोठ्यांच्या हॉस्पिसना सरकारकडून सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास खर्च मिळतो. उरलेला देणग्या, धर्मादाय दुकानं आणि शर्यती धावून पैसे गोळा करणारी माणसं यांच्यावर भागतो. रुग्णाकडून काहीच घेत नाहीत. अशा ठिकाणी पगारी माळी ठेवणं परवडत नाही, म्हणून बाग आपल्यासारख्यांच्या हातावर चालते.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात लागवडीच्या रविवारी माणसांची वानवा नसते, उलट खुरपी कमी पडतात. जुलैच्या अखेरीस शाळा सुटल्या की निम्मं मंडळ भारतात जातं, आणि नेमक्या त्याच दिवसांत कुंड्यांना रोज पाणी लागतं. आपण हौसेनं लावलेलं रोप वाळत चाललेलं खोलीतल्या माणसानं दिवसभर बघायचं, हे मला सहन होत नाही. त्यापेक्षा ते लावलेलंच नको. म्हणून यंदा आधी ऑगस्टचा पाळ्यांचा तक्ता भरणार आणि जेवढ्या पाळ्या भरतील तेवढीच रोपं लावणार.

१ एप्रिल २०२५
प्रेषक: कार्यकारिणी, सचिव

काकू, तक्त्याची कल्पना पटली. ऑगस्टचा पहिला आठवडा माझ्या नावावर लिहा.

एक सूचना. खोल्यांसमोरच्या पट्टीत यंदा झेंडू लावावा का? गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे आणि दसरा २ ऑक्टोबरला. इथे दुकानात झेंडू फार महाग पडतो. बागेतला झेंडू उत्सवाला वापरला तर मंडळाचा खर्च वाचेल, आणि लोकांना बागेत यायला एक निमित्तही मिळेल.

१ एप्रिल २०२५
प्रेषक: सभासद (निवृत्त, मूळ नाशिककडचे)

वहिनी, मी मोकळाच आहे, मला पाहिजे तिथे लिहा. माझं आयुष्य द्राक्षबागेत गेलं, त्यामुळे माती बघितली की समजते. तुमच्या त्या पट्टीत मातीला जीव नाही. पिशवीतल्या खतावर किती दिवस काढणार? कोपऱ्यात, खोल्यांच्या भिंतीला लागून, एक खताचा खड्डा करू. पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा, वर थोडं घोड्याच्या लिदीचं खत. वर्षभरात सोनं होईल. लिदीची सोय मी करतो.

२ एप्रिल २०२५
प्रेषक: सभासद (नर्स, पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे असाध्य आजारात त्रास कमी करणारी शुश्रूषा)

काका, खड्डा करायचाच तर खोल्यांपासून अगदी लांब, वाहनतळापलीकडे करावा लागेल. मी या हॉस्पिसमध्ये नोकरीला नाही, पण रोज हेच काम करते, म्हणून स्पष्ट लिहिते.

कुजत्या पाल्यात आणि लाकडाच्या सालपटांत अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात. ढीग हलवला की ते हवेत उडतात. आपल्याला काही होत नाही, पण ज्याची प्रतिकारशक्ती केमोनं किंवा स्टिरॉइडनं खाली गेली आहे, त्याच्या फुप्फुसात ते घर करू शकतात. पिशवीतल्या खतात लीजनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूचा एक प्रकार सापडतो. म्हणून पिशवी उघडताना तोंड लांब ठेवा, मास्क लावा, खत हलकं ओलं करून घ्या, आणि हे काम खोल्यांची दारं बंद असतानाच करा.

दुसरं, वासाचं. लिली आणि हायसिंथ खोल्यांजवळ नकोत. ज्याला सतत मळमळतं त्याला तो वास खोलीतून बाहेर काढता येत नाही आणि स्वतःला उठून बाहेर जाता येत नाही.

तिसरं, मुलांचं. स्वीट पी या फुलवेलाच्या शेंगा हुबेहूब मटारासारख्या दिसतात आणि त्यातले दाणे विषारी असतात. उंच वाफ्यात मटार आणि शेजारी स्वीट पी, असं कधीच लावू नका.

२ एप्रिल २०२५
प्रेषक: सभासद (निवृत्त)

हे मला माहीत नव्हतं, बाई. बरं झालं लिहिलंस. खड्डा वाहनतळापलीकडेच करू. खत पूर्ण मुरल्याशिवाय तिकडून हलवायचं नाही, आणि हलवायचं ते मीच हलवीन.

३ एप्रिल २०२५
प्रेषक: बाग गट समन्वयक

झेंडूबद्दल. लावू या, रंग सुंदर दिसेल. पण उत्सवासाठी तिथला झेंडू तोडायचा नाही. ती फुलं ज्यांच्या खिडकीसमोर आहेत त्यांची आहेत. आपण सकाळी जाऊन तोरणासाठी पट्टी रिकामी केली तर दुपारी त्या माणसानं काय बघायचं? मंडळाला झेंडू हवा असेल तर प्रत्येकानं आपापल्या अंगणात, गॅलरीत दोन-दोन कुंड्या लावाव्यात. बिया मी देते. आत्ता घरात खिडकीपाशी पेरल्या तर मे अखेरीस रोपं बाहेर जातील आणि गणपतीला फुलं येतील.

तुळशीचंही काही जणांनी विचारलं होतं. रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की ती माना टाकते, त्यामुळे ती आत, प्रार्थनेच्या खोलीच्या खिडकीत राहील. मोगरा इथल्या थंडीत बाहेर टिकत नाही. त्याऐवजी जाईच्या कुळातला पांढरा वेल लावते आहे. तो काकेशसपासून हिमालयापर्यंतचा, म्हणून थंडी सोसतो आणि जुलैपासून संध्याकाळी मंद दरवळतो. नर्सताईंच्या सांगण्यावरून तो दारांपासून दूर, बाकापाशी चढवू.

१९ मे २०२५
प्रेषक: बाग गट समन्वयक

मंडळी, लागवड येत्या रविवारी. रोपं गेले काही दिवस माझ्या अंगणात सकाळी बाहेर, रात्री आत अशी तयार होत आहेत. यॉर्कशरमध्ये मेच्या मध्यानंतरही एखादी रात्र हिमाची निघते, म्हणून एवढे थांबलो.

लागवडीचा आराखडा मी बदलला आहे, त्याचं कारण सांगते. मागच्या आठवड्यात एक खोली रिकामी होती. मेट्रनना विचारून मी पलंगाच्या उशाशी डोकं टेकून पडले. बाहेर आपल्या कुंड्या होत्या, पण मला दिसल्या त्या फक्त कुंड्यांच्या कडा. त्यावर कुंपणाचा वरचा अर्धा भाग, पन्हाळ आणि आकाश. कौतुकानं लावलेले पॅन्सी नि प्रिमरोज येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना दिसतात, पडलेल्या माणसाला दिसत नाहीत. तासभर तशीच पडून राहिले. डोळा सारखा जात होता तो शेजारच्या बर्चच्या फांदीकडे, कारण ती हलत होती.

म्हणून यंदा उंच आणि वाऱ्यावर डोलणारं लावायचं. बांबूच्या तिकाटण्यावर स्वीट पी, मागे कॉसमॉस, मधेमधे उंच गवत. लोंबत्या टोपल्या पन्हाळीखाली, पण पलंगावरून नजर जाईल अशा उंचीवर. झेंडू उंच वाफ्यात, चाकाच्या खुर्चीतून हात पोहोचेल तिथे. फरसबंदीवर एकही कुंडी नको, कारण चांगल्या हवेत नर्सेस पलंगच बाहेर ढकलत आणतात आणि त्याला सरळ, सपाट वाट लागते.

ज्यांना हॉस्पिसच्या चळवळीबद्दल वाचायची आवड आहे त्यांच्यासाठी: लंडनमध्ये सिडनममध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या. १९४८ साली त्यांचा एक रुग्ण वारला, वॉर्साहून आलेला निर्वासित, डेव्हिड टास्मा. त्यानं त्यांच्या स्वप्नातल्या घरासाठी पाचशे पौंड मागे ठेवले आणि त्या घरात मी एक खिडकी होईन असं सांगितलं. ती खिडकी तिथे आजही आहे. रविवारी रोप मातीत बसवण्याआधी प्रत्येकानं एकदा खिडकीच्या आतून बघावं, एवढी माझी विनंती.

२० मे २०२५
प्रेषक: सभासद (मूळ मुंबईचा)

काकू, माझ्या आजीचे शेवटचे दिवस वांद्र्याला माउंट मेरीजवळच्या शांती अवेदना सदनात गेले. भारतातलं पहिलं हॉस्पिस, १९८६ पासूनचं. आजीला रोज खिडकीकडे तोंड करून बसवायचे. तेव्हा मी कॉलेजात होतो, त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. रविवारी येतो. ऑगस्टमध्ये आम्ही मुलांना घेऊन भारतात असू, पण त्याआधीच्या जुलैभर संध्याकाळच्या पाळ्या मी घेतो.

१२ जुलै २०२५
प्रेषक: बाग गट समन्वयक

कालपासून यॉर्कशरमध्ये होजपाइपला बंदी आहे. वसंतातही पाऊस नव्हताच, इंग्लंडमध्ये शंभरहून अधिक वर्षांत एवढा कोरडा वसंत झाला नव्हता. बंदी पाइपला आहे, झारीला नाही. नळाखाली झारी भरून घाला. वेळ जास्त लागेल, म्हणून प्रत्येक पाळीला दोघं हवेत.

पिंपातलं पावसाचं पाणी उन्हानं कोमट झालं आहे, त्यात लीजनेला वाढू शकतो. ते खोल्यांजवळ फवारू नका, झारीची चाळणी काढून बुंध्याशी ओता. कुंड्यांना नळाचंच पाणी. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, आत कोरडं लागलं तर घाला, नाही तर पुढच्या कुंडीकडे जा. आणि कृपा करून भर दुपारी येऊ नका.

जुनी गोगलगायींची गोळ्यांची डबी कोणीतरी शेडमध्ये आणून ठेवली आहे. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या २०२२ पासून बाहेर वापरायला बंदी आहे. ज्यांची असेल त्यांनी नगरपालिकेच्या कचरा केंद्रात द्या. यंदा कोरड्या हवेमुळे गोगलगायी तशाही कमी आहेत, ज्या दिसतील त्या रात्री टॉर्च घेऊन हातानं उचलू.

१८ जुलै २०२५
प्रेषक: सभासद (मूळ मुंबईचा)

काकू, काल संध्याकाळचं लिहितो. नाव-गाव लिहीत नाही आणि घरच्यांना विचारून लिहितोय.

मी स्वीट पीला पाणी घालत होतो. दार उघडं होतं. आतून एका आजोबांनी हाक मारली. म्हणाले, पाणी राहू दे, आधी शेंगा काढ. आयुष्यभर त्यांनी अ‍ॅलॉटमेंटवर (भाड्यानं मिळणाऱ्या बागेच्या तुकड्यावर) रुबार्ब आणि स्वीट पी लावले होते. मला एकही शेंग दिसेना. त्यांना उशीवरून दिसत होत्या. डावीकडे, खाली, अजून खाली, त्या पानामागे. शेंग धरली की वेलाला वाटतं आपलं काम झालं आणि तो फुलायचा थांबतो, असं त्यांनी समजावलं. मग कात्री देऊन फुलं कापायला लावली, लांब देठासकट, अर्धी फुललेली. तोपर्यंत मी फुलं वेलावरच ठेवायची म्हणून जपत होतो. ती त्यांच्या टेबलावरच्या पेल्यात ठेवली. आज सकाळी वेलावर नव्या कळ्या होत्या.

त्यांच्या मुलीनं विचारलं की पाळी रोज कुणाची असते. रोज कोणीतरी येतं, असं सांगितलं.

२५ जुलै २०२५
प्रेषक: सभासद (मूळ मुंबईचा)

काकू, काल गेलो तर त्या खोलीत दुसरं कुणी होतं. पाणी घातलं, शेंगा काढल्या आणि घरी आलो. पण नर्सताईंना विचारायचं होतं, अशा वेळी काय करायचं असतं?

२५ जुलै २०२५
प्रेषक: सभासद (नर्स)

भाऊ, स्वागतकक्षात चौकशी करू नकोस, त्यांना सांगता येत नाही आणि दोघांनाही अवघड होतं. हॉस्पिसच्या स्वयंसेवक समन्वयकांना फोन कर. त्यांचं हे कामच आहे. त्या तुला वेळ देतील, बोलतील. गरज वाटली तर समुपदेशकाकडेही पाठवतील, बागकाम करणाऱ्यांनाही. बागेतल्या माणसाचं काय, तो तर फक्त पाणी घालतो, असं कुणी समजत नाही तिथे. आणि एखादी पाळी सोडावीशी वाटली तर खुशाल सोड. मी घेते. नंतर पुन्हा ये.

४ सप्टेंबर २०२५
प्रेषक: बाग गट समन्वयक

ऑगस्टमधली एकही पाळी रिकामी गेली नाही. बंदी असूनही कुंड्या तगल्या, कॉसमॉस माझ्या खांद्याएवढा झाला. नाशिकच्या भाऊजींनी आपल्या पाळ्यांशिवाय भारतात गेलेल्या तीन घरांच्या पाळ्याही केल्या, त्यांचे विशेष आभार.

आपल्या गणपतीला सभासदांच्या घरच्या कुंड्यांमधून पुरेसा झेंडू आला. हॉस्पिसमधल्या झेंडूचं काय झालं ते सचिवांनी सांगावं, कारण ते त्यांनीच पाहिलं.

५ सप्टेंबर २०२५
प्रेषक: कार्यकारिणी, सचिव

चतुर्थीच्या सकाळी मी पाण्याला गेलो होतो. एका गुजराती मावशींना खुर्चीतून वाफ्यापाशी आणलं होतं. त्यांनी स्वतः झेंडू खुडला, मांडीवर पदर पसरून त्यात ठेवला आणि नातीला सुईदोरा मागितला. हार लहानसाच झाला. तो त्यांनी खोलीतल्या फोटोला घातला. दसऱ्यालाही तिथला झेंडू तिथेच राहावा, असं आता माझंही मत आहे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत तसा ठराव मांडतो.

२७ ऑक्टोबर २०२५
प्रेषक: बाग गट समन्वयक

पहिल्या हिमरात्रीनंतर झेंडू काळा पडेल, तेव्हा उपटून खड्ड्यात. स्वीट पीचे वेल मुळापाशी कापा, मुळं मातीतच राहू द्या. नार्सिससचे कंद लावून झाले. ट्यूलिप मुद्दाम नोव्हेंबरसाठी ठेवले आहेत, थंड मातीत त्यांना बुरशीचा रोग कमी लागतो. यंदा तेही उंच देठाचेच घेतले आहेत.

पुढच्या वर्षीचा तक्ता ऑनलाइन उघडला आहे. ट्यूलिप शनिवारी ८ नोव्हेंबरला, दुपारी दोनला. हातमोजे आणा, कंदांच्या चिकानं हाताला खाज सुटते.

२७ ऑक्टोबर २०२५
प्रेषक: सभासद (निवृत्त)

येतो, वहिनी. पण दोनला नको, एकला सुरू करू. साडेचारला काळोख होतो आणि कंद बरेच आहेत. पहारी मी आणतो.