सातबाऱ्यावरची नोंद आणि काळी माती

नागपूरजवळच्या शेतजमिनीवर गोल्फ मैदान करण्याच्या चर्चेत एकाने म्हटले आहे की, अकृषिक परवानगी (शेतजमीन शेतीखेरीज इतर कामासाठी वापरण्याची परवानगी) मिळाली की मैदानाचे निम्मे काम झाले; हे मत मला पटत नाही. 18 होलच्या मैदानाला साधारण 50 ते 60 हेक्टर सलग जमीन लागते आणि नागपूरच्या आसपास एवढ्या पट्ट्यात एखाद्या गटाच्या सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ (खुरट्या झुडपांची जमीन) अशी नोंद निघण्याची शक्यता मोठी असते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये अशा जमिनी वनजमिनी ठरवल्यामुळे तिथे 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते.

मातीचा विषय तर या चर्चेत कोणी काढलाच नाही. उमरेड रस्त्यालगतच्या आमच्या काळ्या शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत पाय घोट्यापर्यंत रुततो, त्यामुळे वाळू-खडीचा थर आणि निचऱ्याचे पाइप घातल्याशिवाय तिथे चेंडू धड घरंगळणार नाही.