विषय: टॉडमॉर्डनची सहल आणि अर्धा प्लॉट

मंडळी, नमस्कार.

शनिवारी आम्ही नऊ जण टॉडमॉर्डनला जाऊन आलो. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: लीड्सहून मँचेस्टरला जाताना वाटेत लागतं, पंधराएक हजार वस्तीचं गाव. २००८ मध्ये पॅम वॉरहर्स्ट, मेरी क्लिअर आणि गावातल्या मंडळींनी तिथे ‘इन्क्रेडिबल एडिबल’ सुरू केलं. रस्त्याकडेच्या पडीक तुकड्यांत भाजी लावायची, जाणाऱ्या-येणाऱ्याने खुशाल तोडून न्यायची. पोलीस ठाण्यासमोर मका, आरोग्य केंद्राच्या आवारात औषधी झाडं, कालव्याकाठी वाफे. सुरुवातीला परवानगी मागत बसण्यापेक्षा लावून मोकळे होत.

गंमत आमचीच झाली. रोझमेरीचं हे एवढं झुडूप, शेजारी ‘न्या’ म्हणून पाटी, आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. शेवटी एकीने एक काडी तोडली आणि अशी पर्समध्ये कोंबली, जणू मंडईतून जुडी पळवतेय.

तर प्रस्ताव. आपल्या एका सभासदांना बरीच वर्षं कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) यादीत थांबून अलॉटमेंट, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, मिळालंय. अर्धा प्लॉट, साधारण १२५ चौरस मीटर. त्यांना एकट्याला झेपत नाही. आपण शनिवारी हात लावू, निघेल ती भाजी महिन्यातून एकदा हॉलमध्ये शिजवू, येईल त्याला वाढू. मतं कळवा.

– सचिव

---

सचिवभाऊ,

कल्पना आवडली. पण स्टॉल लावून विकायचं कुणाच्या मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका. १९२२ च्या कायद्यात अलॉटमेंटची व्याख्याच ‘मुख्यतः स्वतःच्या नि घरच्यांच्या खाण्यासाठी’ अशी आहे. जास्तीची भाजी वाटायला सहसा कुणाची हरकत नसते, तरी कौन्सिलचा करार आधी वाचू.

आणि मंडळी, ‘वा, छान’ एवढंच लिहायचं असेल तर सगळ्या यादीला पाठवू नका हो.

– खजिनदार

---

वा, छान! (खजिनदार, माफ करा.)

मेथीचं माझ्याकडे लागलं. बियाणं भारतातून आणायच्या भानगडीत पडू नका, लावायच्या बियांना फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, लागतं. दुकानातली डब्यातली मेथीच रात्रभर भिजवून टाकते, मस्त उगवते. एकदम सगळी पेरायची नाही, दर पंधरा दिवसांनी एक ओळ. जूनमध्ये दिवस लांबले की कोथिंबीर तर बघता बघता फुलावर जाते. गवारीचा हट्ट मी तीन उन्हाळे केला, आता सोडला. इथल्या रात्री तिला मानवत नाहीत. लाल भोपळा मात्र येतो, फक्त रोप लहान असताना गोगलगायींपासून सांभाळा. रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात, यजमान हसतात, हसू देत.

पण एक सांगू का सचिवभाऊ? अलॉटमेंटच्या फाटकाला कुलूप असतं. टॉडमॉर्डनमध्ये कुलूप नव्हतं, हीच तर त्यातली गोम. आपण पिकवणार, आपणच रांधणार, आपणच वाढणार, म्हणजे गणपतीचं जेवणच झालं की. हॉलच्या बाहेर, रस्त्याच्या अंगाला चार टब ठेवू. मेथी, पुदिना, ‘न्या’ची पाटी. पुदिना टबातच बरं का, जमिनीत सोडलात तर अख्खा प्लॉट खाईल. आणि शेजारपाजारच्या दोघीतिघींना जेवायला नाही, भाजी निवडायला बोलवा. निवडताना बोलणं होतं.

– माई

---

माई म्हणतात ते पटलं. स्वयंपाकाचं मी बघते, पण एक अट.

मागच्या वर्षी शेजारणीला मी कौतुकाने भरली वांगी नेऊन दिली. तिने डबा उघडण्याआधी विचारलं, ‘यात शेंगदाणे नाहीत ना?’ तिच्या धाकट्याला ॲलर्जी. तिने विचारलं म्हणून निभावलं, मला सुचलंही नव्हतं. घरी येऊन इथली चौदा ॲलर्जींची यादी काढली तर शेंगदाणे, तीळ आणि मोहरी, तिन्ही त्यात. म्हणजे आपली फोडणीच! डब्यातल्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं, ते ग्लुटेनमध्ये गेलं.

तेव्हा प्रत्येक पातेल्यापुढे चिठ्ठी हवी, इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. मेथीची भाजी लसूण-मिरचीवर करू, कूट बाजूला वाटीत, वेगळ्या टेबलावर, स्वतंत्र चमच्याने. कुणीही घरून ‘थोडंसंच आणलंय’ म्हणून डबा आणायचा नाही. माई, तुम्हीसुद्धा.

– स्वयंपाकघरातून

---

मी काय डबा आणते? चटणी आणते फक्त. बरं, नाही आणत.

हॉलवाल्यांना टबांचं कोण विचारतंय?

– माई

---

मी विचारतो. शनिवारी दहा वाजता फाटकाशी या, किल्ली माझ्याकडे आहे. गमबूट आणा, चिखल आहे.

– सचिव