इटलीत भातशेती? वेर्चेल्ली जिल्ह्याबद्दल कुणी सांगेल का

कर्जतची_लेक

नमस्कार मंडळी. माझ्या मुलीला इटलीत वेर्चेल्लीच्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालंय, सप्टेंबरात निघेल ती. नाव आधी कधी ऐकलेलंही नव्हतं. योगायोग असा की आमचे हे मे महिन्यात कंपनीच्या कामाने ट्यूरिनला गेले होते, मिलानहून साधी लोकल पकडली आणि वाटेत खिडकीतून फोटो पाठवला, दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर पाणीच पाणी, मध्ये बारीक बांध, लांब एखादं कौलारू घर आणि मागे बर्फाचे डोंगर. मला वाटलं पूर आलाय. हे म्हणाले अगं खाचरं आहेत ती, भाताची! आणि स्टेशन होतं वेर्चेल्ली. माझं सगळं बालपण भाताच्या शेतात गेलंय, आमच्याकडे मे महिन्यात जमीन भाजून निघते, राब जाळून झालेला असतो आणि सगळे आभाळाकडे बघत बसलेले असतात. तिथे मेमध्ये एवढं पाणी येतं कुठून? आणि इटलीत भात कधीपासून? लेक कुठे जातेय ते नीट कळावं एवढंच. कुणी तिथे राहिलंय का?

सेझियाकाठची

ताई, मी राहते, नऊ वर्षं झाली, शहरापासून थोडं बाहेर. तुमच्या ह्यांनी बरोबर ओळखलं, खाचरंच आहेत. पण आपल्यापेक्षा उलटा कारभार. आपल्याकडे पाऊस पडतो म्हणून भात होतं, इथे पावसाच्या भरवशावर भात होणारच नाही, सगळं पाटाचं पाणी. एप्रिलमध्ये पाणी सोडतात आणि बघता बघता चार-पाच दिवसांत सगळा परिसर आरसा होऊन जातो. लावणी नाही करत, भिजवलेलं बी ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या चाकातून पाण्यातच फेकतात, आपल्याकडच्या रहू पद्धतीची मोठी बहीण म्हणा. ट्रॅक्टरला रबरी टायर नसतात तेव्हा, लोखंडी चाकं लावतात, चिखलात रुतू नये म्हणून. आणि जमीन लेझरने सपाट केलेली, म्हणजे एका खाचरात या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी सारखं उभं राहतं.

पाणी फक्त पिकाला प्यायला नाही हं. हा भाग ४५ अंश उत्तरेला आहे, एप्रिल-मेच्या रात्री चांगल्या गार असतात. दिवसा तापलेलं पाणी रात्री रोपाला पांघरुणासारखं सांभाळतं. आमच्या शेजारचे आजोबा थर्मामीटर नाही बघत, पहाटे बांधावर उकिडवे बसून हात कोपरापर्यंत पाण्यात घालतात आणि मग ठरवतात पाटाच्या पाण्याचं दार किती उघडायचं. ते बघितलं ना की मला घरची आठवण येते.

पाटबंधारे_निवृत्त

पाणी कुठून येतं या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो, तीस वर्षं कालव्यांवरच गेली माझी, आणि २०१८ ला मुलाकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम हा कालवा बघायला गेलो. नाव कानाले काव्हूर. पो नदीवर किवास्सो इथे सुरू होतो आणि गालियातेपाशी तिचिनो नदीला मिळतो, सुमारे ८५ किलोमीटर. १८६३ ला काम सुरू आणि १८६६ ला पाणी सोडलं. तीन वर्षंसुद्धा नाही! सगळं हातांनी, फावडी, टोपल्या आणि विटा, हजारो मजूर. वाटेत दोरा बाल्तेआ नदी आडवी येते ती पुलावरून ओलांडलीय, म्हणजे वर कालवा खाली नदी, आणि सेझिया नदीच्या बाबतीत उलट, कालवाच नदीच्या पोटाखालून सायफनने जातो. मी त्या तोंडाशी अर्धा तास उभा होतो, एवढं पाणी शांतपणे जमिनीत शिरतं आणि पलीकडे वर येतं, आणि हे दीडशे वर्षं चालू आहे. मन भरून आलं.

कल्पना मूळ फ्रान्चेस्को रोस्सी नावाच्या तिथल्या जमीन मोजणीदाराची, अनेक वर्षं स्वतःच्या हौसेने पातळ्या घेत फिरला तो. नंतर कार्लो नोए या इंजिनिअरने आराखडा केला. आणि कामिल्लो काव्हूर, इटलीच्या एकीकरणाचा शिल्पकार, पहिला पंतप्रधान, तो स्वतः वेर्चेल्ली भागातल्या लेरी इथे शेती बघायचा, भाताची. म्हणून पाण्याचं मोल त्याला कळायचं. १८६१ ला तो गेला, कालवा काही बघायला मिळाला नाही, नाव तेवढं राहिलं. पैसा बराचसा लंडन-पॅरिसचा होता, ती कंपनी पुढे बुडाली आणि कालवा सरकारने घेतला.

पण मला विचाराल तर कालव्यापेक्षा मोठी गोष्ट १८५३ ची. त्या वर्षी काव्हूरच्या पुढाकाराने सेझियाच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांची संस्था झाली, सरकारकडून पाणी एकत्र घ्यायचं आणि आपापसांत वाटायचं. पाणी वापर संस्था म्हणून आपण जे अलीकडे करू बघतोय ते. ती संस्था अजून चालू आहे. वरच्या शेताचा निचरा खालच्या शेताचं पाणी होतो, असं करत तेच पाणी कितीतरी हातांतून जातं, त्यामुळे वरच्याने आडमुठेपणा केला की खालचा गाव उपाशी. एवढी वर्षं भांडत भांडत का होईना पण ती वाटणी टिकवलीय त्यांनी, आणि आपल्याकडच्या शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याची तोंडं आठवून मला तिथे फार वाईट वाटलं.

अस्मिता_वाचनवेडी

भात कधीपासून याचं उत्तर, साधारण पंधरावं शतक. लुचेदिओ म्हणून मठ आहे, ११२३ सालचा, तिथल्या साधूंनी जंगल तोडून आणि दलदलीचं पाणी काढून जमीन केली आणि पुढे तिथे भात आलं. भाताची किंमत एवढी की बियाणं बाहेर न्यायला बंदी. १७८७ मध्ये थॉमस जेफरसन, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तो, खास या भागात आला होता आणि कोटाच्या खिशांत साळ भरून नेली त्याने, पकडलं तर मृत्युदंड आहे हे माहीत असून.

पण ताई, मला बायकांबद्दल सांगायचंय, ते सुटायला नको. तणनाशकं येईपर्यंत इथली सगळी बेणणी बायकांनी केली. मोंदीने म्हणतात त्यांना. मेच्या अखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, साधारण चाळीस दिवस, एमिलिया, व्हेनेतो, लोम्बार्दीहून ट्रेन भरभरून हजारो बायका यायच्या, शेतघरांच्या मोठ्या खोल्यांत गवतावर झोपायच्या, आणि दिवसभर गुडघ्याएवढ्या पाण्यात कमरेत वाकून तण उपटायच्या. डास, जळवा, मलेरिया. डोक्याला मोठी गवती टोपी. मजुरीत रोख पैसे आणि कामाच्या दर दिवसामागे एक किलो तांदूळ. हंगाम संपला की बाई ते चाळीस किलो तांदळाचं पोतं घेऊन घरी जायची, घरात वर्षाचा आधार.

आणि याच बायकांनी संप करून १९०६ ते १९०९ च्या दरम्यान वेर्चेल्लीच्या शेतांत आठ तासांचा दिवस मिळवला. शेतमजूर बायकांनी! देशभर आठ तासांचा कायदा १९२३ ला आला, म्हणजे या कितीतरी आधी. माझी आजी लावणीच्या दिवसात पहाटे जी वाकायची ती दिवेलागणीला सरळ व्हायची, तास कोण मोजतंय. म्हणून हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस त्याच विचारात होते. १९६० च्या दशकात तणनाशकं आली आणि मोंदीनेंचं काम संपलं.

ओंकार_नोव्हारा

सगळ्यांनी भातावरच लिहिलंय, पण जिल्हा तेवढाच नाही. नकाशा बघा, दक्षिणेला पो नदी आणि सपाट खाचरं, समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे-दीडशे मीटर, आणि उत्तरेचं टोक थेट मोन्ते रोझावर, तिथे ४५५४ मीटरवर कापान्ना मार्गेरिता ही गिर्यारोहकांच्या मुक्कामाची झोपडी, युरोपातली सगळ्यात उंच. मधला भाग व्हालसेझिया, सेझिया नदीचं खोरं. वर अलान्यात व्हाल्सर लोकांची लाकडी घरं आहेत, शेकडो वर्षांपूर्वी डोंगर ओलांडून आलेले जर्मन बोलीचे लोक ते. वाराल्लोला डोंगरावर साक्रो मोन्ते, चाळीसहून जास्त देवळ्या आणि त्यात माणसाएवढ्या मूर्ती, वर्ल्ड हेरिटेज आहे.

पैसा म्हणाल तर खोऱ्यात लोकरीचे कारखाने, लोरो पियाना तिथलीच, क्वारोनाची, १९२४ पासूनची. नळ आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या फॅक्टऱ्या पण बऱ्याच. सालुज्जात हृदयाच्या झडपा बनतात. बिएल्ला आधी याच जिल्ह्यात होतं, १९९२ ला वेगळा जिल्हा झाला तेव्हा कापडाचा मोठा भाग तिकडे गेला. आणि त्रीनोला अणुवीज केंद्र होतं, १९८६ च्या चेर्नोबिलनंतर सार्वमत झालं १९८७ ला आणि ते पुन्हा चालू झालंच नाही. आज तिथले लोक जुना अणुकचरा कुठे जाणार याची काळजी करतात, आणि करायलाच हवी, सालुज्जाचा साठा नदीच्या अगदी जवळ आहे.

भाताचं म्हणाल तर युरोपियन युनियनमधलं निम्म्याच्या आसपास भात एकट्या इटलीत होतं आणि त्यात वेर्चेल्ली पहिल्या काही जिल्ह्यांत. पण शेतकरी निवांत नाही. कंबोडिया-म्यानमारचा तांदूळ ड्यूटीविना यायला लागला आणि लांब दाण्याचे भाव पडले, मग २०१९ मध्ये युरोपने तीन वर्षांसाठी ड्यूटी लावली, पहिल्या वर्षी टनाला १७५ युरो. आणि २०२२ चा दुष्काळ, सत्तर वर्षांत असा नव्हता. हिवाळ्यात बर्फच नाही पडला. मी तेव्हा रोज त्या रस्त्याने जायचो, जुलैमध्ये जिथे गुडघाभर हिरवं असतं तिथे जमिनीला भेगा, आणि एका बांधावर शेतकरी नुसता उभा, अर्धं शेत वाचवायला अर्धं त्याने सोडून दिलेलं.

त्यात एक गुंता आहे. खर्च वाचवायला बरेच जण आता कोरड्यात पेरतात आणि पाणी महिनाभर उशिरा सोडतात. ऐकायला पाण्याची बचत, पण एप्रिलमध्ये खाचरं भरायची तेव्हा ते पाणी जमिनीत मुरून खालच्या गावांचे झरे जिवंत व्हायचे. आता ते भरत नाहीत आणि जूनमध्ये सगळेच एकदम पाणी मागतात.

कर्जतची_लेक

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. बायकांचं वाचून आईला फोन केला, तिला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली एक किलो रोज म्हणजे बरं होतं गं. आता दोन घरगुती प्रश्न. लेकीला भात रोज लागतो, तिथला तांदूळ चालेल का? आणि सप्टेंबरात ती पोचेल तेव्हा हे पाणी दिसेल का तिला?

सेझियाकाठची

ताई, आर्बोरिओ हे गावच आहे इथलं, तांदळाची ती जात तिथेच १९४६ ला तयार झाली. दाणा जाड आणि पोटात पांढरा, शिजला की बाहेरून सायीसारखा होतो. मोकळा भात होणार नाही त्याचा, पण मऊ भात, पेज, खीर फार सुंदर होते. वरण-भाताला लांब दाण्याचा घे म्हणावं, तोही इथेच पिकतो. आणि आर्बोरिओ घेताना पाकिटावर क्लासिको लिहिलेलं बघायचं, नाहीतर कायद्याने जवळच्या जाती पण त्याच नावाने विकता येतात. इथली पानिस्सा जरूर खायला सांगा, सालुज्जाच्या बारीक पावट्यांसारख्या बिया घालून केलेला भात. मूळ पदार्थात डुकराचं सॉसेज असतं, मी नुसता कांदा आणि बिया घालून करते, घरात सगळ्यांना वालाच्या खिचडीसारखा लागतो.

पाणी मात्र नाही दिसणार. सप्टेंबरात शेतं पिवळी झालेली असतात, पाणी काढून टाकलेलं, कापणी सुरू. मशीन फिरत असतात आणि संध्याकाळी ड्रायरमधून भाजल्यासारखा साळीचा वास गावभर येतो. मग नोव्हेंबरपासून धुकं, इतकं की समोरची सायकल दिसत नाही, त्या दिवसांत जरा जपून राहायला सांगा, एकटं वाटतं पोरांना, आमच्याकडे यावं तिने सरळ जेवायला. पाणी सोडतात ते एप्रिलच्या मध्यावर. तेव्हा संध्याकाळी सातच्या सुमाराला गावाबाहेरच्या रस्त्याने सायकल घेऊन जाऊ दे, आभाळ निवळ असेल तर मोन्ते रोझा अख्खा खाचरात उलटा दिसतो आणि बेडूक ओरडायला लागलेले असतात.