फुरशाच्या लसीचा डोस तपासायला लस बनवणाऱ्याकडेच पैसे मागायचे का?

कातळावरचा डॉक्टर (धागाकर्ता)
देवगड तालुक्यात एका ट्रस्टच्या ३० खाटांच्या दवाखान्यात मी फिजिशियन आहे. पावसाळा सरता सरता गवत कापायला, भात कापायला माणसं कातळावर उतरतात आणि आमच्याकडे फुरसं चावलेले पेशंट यायला लागतात. आपल्याकडची सापाच्या विषावरची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर मिळून एकच. सुरुवातीला ८ ते १० व्हायल (लसीच्या छोट्या बाटल्या) द्या, असं प्रोटोकॉल सांगतो. निव्वळ फुरशाच्या दंशात याहून कमीत भागतं का, हे मला तपासायचंय. व्हायल कमी लागल्या तर रिअ‍ॅक्शनचा धोका कमी होईल आणि तालुक्याचा साठाही पुरेल.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न आहे. सरकारी अनुदानासाठी दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा नकार आला. ही लस बनवणाऱ्या कंपनीचा एमआर, म्हणजे औषध प्रतिनिधी, आमच्याकडे येतो. त्याने सांगितलं की कंपनी डॉक्टरांच्या स्वतंत्र अभ्यासांना मदत देते. आधी दोन पानी कल्पना पाठवायची, पसंत पडली तर पूर्ण प्रोटोकॉल आणि बजेट. कराराचा नमुनाही त्याने दिलाय. मी अर्ज करायच्या बाजूने आहे. पैशाला वास नसतो. तुमचं काय म्हणणं?

पेन्शनीत आरोग्यसेवक
डॉक्टर, वास असतो. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर काम केलं. लाल विंचू चावला की माणूस घामाने चिंब होऊन फुप्फुसात पाणी भरून जायचा. त्यांनी प्राझोसिन दिलं. रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी. १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं पत्र छापून आलं. आता सांगा, त्या स्वस्त गोळीसाठी कुठली कंपनी पैसे देणार होती? ज्या प्रश्नातून विक्री वाढत नाही, तो कंपनीला दिसतच नाही. तुमचा प्रश्न तर विक्री घटवणारा आहे.

कातळावरचा डॉक्टर
सर, बावस्कर एखादाच होतो. त्यांनी पदरमोड केली म्हणून आम्हीही करायची का? माझ्याकडे रात्रपाळीला एकच सिस्टर असते.

बॅग ठेवलेला एमआर
मी २६ वर्षं कुडाळ-कणकवली पट्ट्यात बॅग घेऊन फिरलो. कागदावर असे अर्ज मेडिकल विभागाकडे जातात, मार्केटिंगचा संबंध नाही. पण डॉक्टरांना ही योजना सांगायला कोणाला पाठवतात? मलाच पाठवायचे. ज्या डॉक्टरांचा अर्ज पोचलेला असायचा, त्यांच्या नावापुढे आमच्या एरिया मॅनेजरच्या वहीत एक टिंब असायचं, आणि पुढच्या महिन्यात तिथून किती माल उठला हे आधी विचारायचे. लाच कोणी देत नव्हतं. डॉक्टरच संकोचाने दुसऱ्या कंपनीचं लिहायचे थांबायचे. कंपनीचं नाव घेणार नाही, त्यांचंच पेन्शन खातो.

रत्नागिरीची आकडेवाली
भांडण पैशाभोवती फिरतंय. मी म्हणते, आधी करार वाचा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात बेटी डाँग यांनी थायरॉइडच्या गोळ्यांची तुलना केली. पैसे होते महागडी गोळी विकणाऱ्या बूट्स कंपनीचे. निष्कर्ष निघाला की स्वस्त गोळ्याही तितक्याच चांगल्या. करारात एक ओळ होती : कंपनीच्या लेखी संमतीशिवाय छापायचं नाही. १९९० साली संपलेला अभ्यास १९९७ मध्ये छापून आला. टोरांटोला नॅन्सी ऑलिव्हिएरी थॅलेसेमियाच्या मुलांना देत असलेल्या औषधात धोका दिसतोय म्हणाल्या, तर १९९६ साली अ‍ॅपोटेक्सने अभ्यासच थांबवला आणि गोपनीयतेचं कलम दाखवून खटल्याची धमकी दिली. दोघीही बावळट नव्हत्या. दोघींनी सही केली होती, एवढंच.

तेव्हा डॉक्टर, तुमच्या नमुन्यात 'संमती' शब्द आहे का बघा. 'छापण्याआधी अमुक दिवस दाखवू' इतपत चालेल. 'संमती' आली की तिथेच थांबा. कच्चे आकडे तुमच्याकडेच राहिले पाहिजेत. सही आणि चेक संस्थेच्या नावाने, तुमच्या नावाने नको. पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी, म्हणजे नंतर कोणाला गुपचूप उद्दिष्ट बदलता येणार नाही.

२०१९च्या औषध-चाचणी नियमांप्रमाणे परवाना असलेल्या औषधाचा वेगळा डोस तपासणारा शैक्षणिक अभ्यास एथिक्स कमिटीच्या (पेशंटचं हित बघणाऱ्या समितीच्या) मंजुरीवर करता येतो, केंद्राच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. मात्र ते आकडे परवान्यासाठी वापरायचे नसतात. कंपनीच्या मनात तसं असेल तर ते करारातच कळतं. आणि तुमच्याकडे कमिटी नसेल तर दुसऱ्याची घेता येते, पण ती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या आतली हवी. आपल्या किनाऱ्यावर शोधून दाखवा!

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. 'कमी डोस तितकाच चांगला' हे दाखवायला पेशंट भरपूर लागतात. कंपनीने पुरेसे पैसे दिले नाहीत आणि तुम्ही ४० पेशंटवर थांबलात, तर निकाल येईल 'सिद्ध झालं नाही'. कोणी आकडा बदलणार नाही, खोटं बोलणार नाही, आणि ८-१० व्हायल तशाच चालू राहतील. बजेट कापूनही निकाल ठरवता येतो.

काजूवाडी
माझ्या बापाशीक दोन वर्सांमागे फुरसां चावला. हिरड्यांतसून रगत. डॉक्टरान नळीत रगत घातल्यान आणि माका म्हणालो, हात लावू नको. तेव्हा लस कोणाच्या पैशाची, ह्या मी इचारलंय नाय. पण माका एक सांगा, पैसे देणारो गप रवतलो काय?

पेन्शनीत आरोग्यसेवक
लाखातलं बोललात. कंपन्यांकडून पैसे घ्यायचेच तर इटलीसारखे घ्यावेत. जाहिरात-प्रचारावर जेवढा खर्च करतात, त्याच्या ५ टक्के कंपन्यांनी सरकारी औषध संस्थेकडे भरायचे आणि त्यातून स्वतंत्र अभ्यासांना अनुदान. कोणाचा रुपया कोणाच्या अभ्यासात गेला हे कळतच नाही. मग संकोच कसला?

कातळावरचा डॉक्टर
सर, इटलीची योजना देवगडला येईस्तोवर मी रिटायर होईन.

ताई, नमुना पुन्हा वाचला. 'पूर्वसंमती' आहे, सातव्या कलमात. शिवाय अभ्यासात पेशंटला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी 'प्रायोजक म्हणून संस्थेची', म्हणजे आमच्या ट्रस्टची. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांखालून गेलं होतं, शपथेवर सांगतो. एमआरला फोन केला. वर विचारून सांगतो म्हणाला. तो शब्द काढला, विमा दिला आणि ताईंनी मोजून दिलेल्या पेशंटसंख्येइतकं बजेट मान्य केलं तर अर्ज करीन. तिन्हींतलं एक जरी अडलं तर नाही. पैशाला वास नसतो हे मागे घेतो, पण कंपनीचं नावच नको हे अजून पटलेलं नाही.

बॅग ठेवलेला एमआर
'वर विचारून सांगतो' याचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको.

कातळावरचा डॉक्टर
तोवर एक काम बिनपैशाचं सुरू केलंय. विषाने रक्त गोठायचं थांबलंय का, हे बघायची २० मिनिटांची टेस्ट असते. मागच्या महिन्यात एका बाईंची ती बिघडलेली आली. २ मिली रक्त नळीत, २० मिनिटं न हलवता, मग नळी तिरकी केली तर रक्त पातळच. लस भरायला घेणार तेवढ्यात सिस्टर म्हणाली, नळी कालच साबणाने धुतलीय. कोऱ्या नळीत पुन्हा घेतलं, घट्ट गोठलं. साबण लागलेल्या काचेवर रक्त गोठत नाही. मग आजवर अशा किती नळ्यांवरून आम्ही व्हायल फोडल्या? आता प्रत्येक दंशाची वेगळी वही केलीय : किती वाजता चावलं, नळी नवी की धुतलेली, किती व्हायल, दर सहा तासांनी काय दिसलं. कोऱ्या काचेच्या नळ्यांचा खोका कोल्हापूरहून एसटीने मागवलाय. ताई, वहीचे रकाने तुम्हाला पाठवतो, एकदा बघाल का?