सहावा रिसीव्हर की पाचवा लाइनबॅकर?
एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) संघातली शेवटची जागा किकच्या खेळींसाठी राखीव रिसीव्हरला (पास झेलणारा) द्यायची की लाइनबॅकरला (बचावफळीतला), हे ४० यार्ड धावण्याच्या वेळेवर ठरवा, असा एक सल्ला आहे. पंटच्या (चेंडू लांब मारून प्रतिस्पर्ध्याला देण्याच्या किकच्या) गनरपुरतं, म्हणजे कडेने धावत जाऊन किक झेलणाऱ्या रिटर्नरला गाठणाऱ्यापुरतं, ते निम्मं खरं. तिथेही आधी जॅमरच्या (गनरला अडवणाऱ्याच्या) हातांतून सुटणं बघा. पहिल्या काही यार्डांतच जो साइडलाइनबाहेर ढकलला जातो, त्याचा वेग काय चाटायचा?

किकऑफचं (खेळ सुरू करणाऱ्या किकचं) गणित तर २०२४ पासून पालटलंय. किकर सोडून दहाही जण प्रतिस्पर्ध्याच्या ४० यार्ड रेषेवर, बहुतेक ब्लॉकर (रिटर्नरसाठी वाट मोकळी करणारे) समोर ३० ते ३५ च्या पट्ट्यात, आणि चेंडू पडेपर्यंत किंवा झेलला जाईपर्यंत कुणी हलायचं नाही. लांब धाव उरलीच नाही. म्हणून व्हिडिओत पहिली दोन-तीन पावलं, हातांनी ब्लॉक झटकणं आणि लेन (आपला पट्टा) धरून टॅकल करणं, म्हणजे चेंडूवाल्याला पाडणं, तपासा. राखीव लाइनबॅकर किंवा सेफ्टी (बचावातला मागचा खेळाडू) इथे सरस ठरतो. रिसीव्हर बहुधा ब्लॉकला वळसा घालतो, आणि नेमक्या त्याच फटीतून रिटर्नर निसटतो.

शिवाय संघातल्या ५३ पैकी सामन्याला फार तर ४८ जण उतरवता येतात (आणीबाणीचा तिसरा क्वार्टरबॅक वेगळा). त्यामुळे किकऑफ, पंट आणि दोन्हींचे रिटर्न, या चारपैकी तिनांत तरी चालेल असाच बॅकअप हवा. पेट्रियट्सचा मॅथ्यू स्लेटर, नावाला रिसीव्हर, कारकिर्दीत एकच झेल घेऊन किकच्या खेळींच्या जोरावर दहा वेळा प्रो बोलला (निवडक खेळाडूंच्या सन्मान-सामन्याला) निवडला गेला खरा, पण असे किती?

आणि प्रीसीझनचे (हंगामाआधीच्या सराव सामन्यांतले) टॅकल मोजताना समोरचा ब्लॉकर पुढे संघात टिकला का, तेही बघा.